एकशे चोवीस नंबरचं घर आणि आपली घरं

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्या बाईंनी स्वतः लिहून दिले आहे.)



समितीने मला विषय दिला, "आम्ही वर्षावासात काय वाचलं?" विषय सोपा वाटला म्हणून मी हो म्हटलं. पण बोलायला उभं राहिल्यावर कळतंय की तो तेवढा सोपा नाही. कारण गेल्या वर्षावासात शनिवारच्या वंदनेनंतर आपण जे पुस्तक वाचलं, त्याच्यावरून याच हॉलमध्ये वाद झाला होता. काही जण उठून गेले. मला दोन-तीन घरांतून निरोप आले की, "बाई, हे विहारात वाचायचं पुस्तक आहे का?" तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. आज द्यायचा प्रयत्न करते.

दर रविवारी सकाळी आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, ते चालूच आहे. शनिवारी रात्रीचा हा वर्ग वेगळा. मी कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवली. रिटायर झाल्यावर आपली मुलं म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिकडे जे शिकवलं ते आम्हाला इथे सांगा ना." मी पुस्तक निवडलं अमेरिकेतल्या लेखिका टोनी मॉरिसन यांचं. कादंबरीचं नाव 'बिलव्हेड'. म्हणजे 'लाडकी' म्हणा, 'जिवलग' म्हणा. मी इंग्रजीतून वाचायचे आणि मराठीतून सांगायचे, आणि जिथे मराठीही अपुरी पडली तिथे आपली अहिराणी कामाला आली.

टोनी मॉरिसन या काळ्या, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या लेखिका. १९३१ साली ओहायो राज्यात एका कामगाराच्या घरात जन्मल्या. १९८७ साली ही कादंबरी आली, १९८८ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि १९९३ साली बाईंना साहित्याचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. २०१९ साली त्यांचं निधन झालं.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या गुलामांचं आणि नंदुरबारच्या आपल्या मोहल्ल्याचं काय नातं? नातं आपल्या आधीच्यांनी जोडून ठेवलेलं आहे. महात्मा जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्या लोकांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं की, तुम्ही संयुक्त राष्ट्रसंघाकडे तुमच्या लोकांची कैफियत मांडत आहात, तिची प्रत मला मिळेल का. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर दिलं. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' काढली, ते नावच अमेरिकेच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं.

आणखी एक गंमत सांगते. गंमत म्हणजे योगायोग. 'बिलव्हेड' कादंबरीतली मुख्य गोष्ट सुरू होते ती १८७३ सालात. म्हणजे इकडे पुण्यात जोतिराव 'गुलामगिरी' छापत आहेत, सत्यशोधक समाज स्थापन करत आहेत, आणि तिकडे ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराच्या कडेला एका घरात सेथ नावाची बाई आपल्या पोरीबरोबर राहते आहे. गुलामी कायद्याने संपून आठ वर्षं झालेली. १८६५ साली तिथे घटनादुरुस्ती झाली, गुलाम मोकळे झाले. पण सेथच्या घरातली गुलामी संपलेली नाही. त्या घराचा नंबर एकशे चोवीस. त्या घरात भूत आहे.

भूत म्हटल्याबरोबर आपले काही दादा हसले होते. "बाई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भुताखेतावर आपला विश्वास नाही." बरोबर आहे. माझाही नाही. पण ऐकून घ्या.

सेथ पूर्वी केंटकी राज्यात एका शेतावर गुलाम होती. शेताचं नाव मोठं गोड होतं, 'स्वीट होम'. पहिला मालक त्यातल्या त्यात बरा. तो मेल्यावर कारभार बघायला एक मास्तर आला. हा मास्तर वही घेऊन गुलामांची मापं घ्यायचा. आपल्या पुतण्यांना त्याने अभ्यास दिला: सेथमध्ये माणसाचे गुण कोणते ते एका बाजूला लिहा आणि जनावराचे गुण कोणते ते दुसऱ्या बाजूला. सेथने हे कानाने ऐकलं. आणि ज्या शाईने ती मुलं लिहीत होती, ती शाई सेथनेच बनवून दिलेली होती.

हे सांगितलं त्या शनिवारी हॉलमध्ये शांतता पसरली. मग मागून एक आजोबा म्हणाले, "आम्हाला शाळेत बाहेर पायरीवर बसवत. पाटी लांबून दाखवायची." त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते आपणहून बोलले. त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितलं, पन्नास वर्षांत बाबांनी हे घरात कधी सांगितलं नव्हतं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. सेथला दिवस गेलेले असताना, तिच्या अंगावर पीत असलेल्या लेकराचं दूध त्या पुतण्यांनी जबरदस्तीने ओढून घेतलं. तिने तक्रार केली म्हणून पाठ फोडली. त्या पाठीवर वळांचं झाड उमटलं. १८५५ साली ती तशीच पळाली. तिन्ही मुलांना तिने आधीच पुढे पाठवलं होतं. चौथी पोर, डेन्व्हर, वाटेत नदीकाठी होडीत जन्मली. नदीपलीकडे सासू होती, बेबी सग्ज. तिथे सेथला अठ्ठावीस दिवस मोकळेपण मिळालं. अठ्ठावीसच दिवस. मग मास्तर माणसं घेऊन तिला आणि मुलांना पकडून न्यायला आला. त्याला कायद्याचा आधार होता. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम कुठल्याही राज्यातून धरून नेता येत होता. त्यांना येताना पाहून सेथ मुलांना घेऊन लाकडाच्या शेडमध्ये शिरली. आपली मुलं पुन्हा त्या मास्तराच्या हातात जाऊ द्यायची नाहीत म्हणून तिने मारायला घेतली. मोठी मुलगी, दोनेक वर्षांची, तिच्या हातून गेली.

या जागी आपल्या एक ज्येष्ठ उपासिका उठल्या. म्हणाल्या, "पुरे झालं, बाई. आम्ही रोज 'पाणातिपाता वेरमणी' म्हणतो. आईने लेकराला मारलं त्याची गोष्ट बुद्धमूर्तीपुढे सांगता?" आणि त्या गेल्या. त्यांच्या मागे आणखी चार-पाच जणी गेल्या.

मला फार लागलं. पण त्या रात्री विचार केल्यावर वाटलं, त्यांचं चूक नाही. पंचशीलातलं पहिलं शील आहे ते. त्यात सवलत नाही. म्हणून पुढच्या शनिवारी मी कादंबरी बाजूला ठेवली आणि खरी हकीकत सांगितली. कारण ही गोष्ट लेखिकेने मनाने रचलेली नाही. मार्गारेट गार्नर नावाची बाई खरोखर होऊन गेली. १८५६ च्या जानेवारी महिन्यात ओहायो नदी गोठलेली होती. त्या बर्फावरून ती नवरा-मुलांसह चालत सिनसिनाटीला आली. त्यांना पकडायला माणसं आली तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला ठार केलं. मग खटला उभा राहिला. आता लक्ष देऊन ऐका. कोर्टापुढे प्रश्न होता, या बाईवर खुनाचा खटला चालवायचा का? चालवला, तर मेलेली मुलगी माणूस ठरते आणि आईसुद्धा माणूस ठरते. नाही चालवला, तर दोघी मालमत्ता. गुलामीच्या विरोधात असलेले वकील म्हणत होते, तिच्यावर खुनाचा खटला चालवा! आपल्याच बाजूचे लोक तिला खुनी ठरवा म्हणत होते, कारण तेवढ्यानेच ती माणूस ठरणार होती. पण कोर्टाने तिला मालमत्ता ठरवून मालकाला परत दिलं. दोन वर्षांनी, १८५८ साली, दक्षिणेत गुलाम म्हणूनच ती तापाने वारली. ही बातमी मॉरिसनबाईंना जुन्या कागदपत्रांचं एक पुस्तक तयार करताना सापडली आणि त्यावरून त्यांनी कादंबरी लिहिली.

म्हणजे शील मोडलं का? मोडलं. कादंबरी तसं नाही म्हणत नाही. गावातले काळे लोकसुद्धा सेथशी अठरा वर्षं बोलत नाहीत. पण तथागतांनी आपल्याला आणखीही एक शिकवलं आहे: हे आहे म्हणून ते होतं. कार्यकारणभाव. नुसत्या फळाकडे बोट दाखवून मूळ झाकायचं नाही. ज्या उपासिका उठून गेल्या होत्या, त्या दोन आठवड्यांनी परत आल्या. भिंतीला टेकून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "ती बाई चुकली. पण तिला चुकायला लावलं कोणी, तेही लिहा." मी इतकी वर्षं ही कादंबरी शिकवली, परीक्षेचे पेपर तपासले. इतकं नेमकं उत्तर मला एकाही पेपरात मिळालं नव्हतं.

आता भुताकडे येते. मुलगी गेली, पण घरातून गेली नाही. भांडी हलतात, बाळाच्या हाताचे ठसे उमटतात. दोन्ही मुलगे तेरा वर्षांचे होण्याआधीच घाबरून पळून जातात. आणि पुढे एक दिवस तरुण मुलगी होऊन ती दाराशी येऊन बसते. तिला आईकडून सगळं पाहिजे, तिचं कधी पोट भरत नाही. ही मुलगी म्हणजे काय? माझ्या समजुतीप्रमाणे ती म्हणजे न बोललेली गोष्ट. जे दुःख सांगितलं नाही, ज्याला रडलं नाही, ते घरात फिरत राहतं आणि ते न सोसलेल्यांच्या वाट्यालासुद्धा येतं. घराच्या नंबरात एक, दोन आणि चार आहे, तीन नाही. सेथचं तिसरं मूल गेलेलं आहे. काही अभ्यासकांनी ही खूण दाखवली आहे.

हे पुस्तक वाचायला अवघड जातं. आपल्या मुलांनी तक्रार केली, "मॅडम, ही गोष्ट सरळ का नाही? मधूनच मागे जाते, अर्धी सांगते, सोडून देते, पुन्हा तिथेच येते." मी त्यांना म्हटलं, तुमच्या आजीला तिच्या लहानपणाचं विचारा आणि बघा ती सरळ सांगते का. ज्याला फार सोसावं लागलं त्याला आठवण सरळ येत नाही. ती तुकड्यांनी येते. आपल्या मराठीतसुद्धा पाहा. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिलं, तेव्हा स्वतःचे दोन भाग केले. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. एका माणसाला ते एकट्याने सांगणं झेपलं नसावं. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून. कागद दडवून ठेवायच्या. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात येऊ लागलं, १९८६ साली पुस्तक झालं. लिहिणाऱ्यांना एवढं जड जात असेल तर आपल्या आया-आज्या गप्प राहिल्या यात नवल काय?

इथे मला माझ्या घरचं थोडं सांगायचं आहे. सांगू की नको असं खूप दिवस चाललं होतं.

माझ्या आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. आजोबांकडे येसकरकी होती. गावकीची कामं पाळीपाळीने यायची: सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, वेठीला जाणं. संध्याकाळी भाकरी मागायची. आमच्या घरात एक रीत होती. आमच्या घरी लेकरासाठी झोळी कधी बांधली जात नसे. सगळ्या शेजारणी शेतात, घरात झोळी बांधत, पण आमच्याकडे नाही. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आईने एकदा आडाला लुगड्याची झोळी बांधली, तर मोठ्या मायने ती विळ्याने कापून टाकली. आई रडली. सासूचा जाच म्हणून ती गोष्ट आमच्या घरात सांगितली जायची.

मी कॉलेजात होते, १९७८-७९ ची गोष्ट. मी मोठ्या मायला विचारलं. ती म्हणाली, "आते त्या गोठी नको काढू." आणि चुलीकडे तोंड करून बसली. १९८४ साली ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या तिच्या चुलत बहिणीने मला सांगितलं. माझ्या वडिलांच्या आधी मोठ्या मायला एक मुलगी होती. ज्वारीच्या कापणीला वेठीवर बोलावलं होतं. पोरीला ताप होता. बांधावर बाभळीला झोळी बांधून ठेवलेली. पोर रडायची थांबली तेव्हा मोठ्या मायने विचारलं, जाऊ का? उत्तर आलं, पात पुरी कर. पात पुरी करून ती झोळीजवळ गेली.

मी त्या आजीला विचारलं, मुलीचं नाव काय होतं? तिला आठवत नव्हतं. वडिलांना विचारलं, तर अशी बहीण होती हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

सेथच्या मुलीच्या दगडावर एकच शब्द आहे. 'बिलव्हेड'. एवढाच कोरायला परवडला, आणि त्याचीही किंमत तिने पैशाने नाही, अब्रूने दिली. माझ्या आत्याला तेवढासुद्धा दगड नाही. पण झोळी होती. म्हणजे नसलेली झोळी होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती आमच्या घरात टांगलेली होती आणि आम्ही तिच्याखालून ये-जा करत होतो. मी ही कादंबरी वर्गात पहिल्यांदा शिकवायला घेतली, तेव्हा भुताची पानं वाचताना मला ते समजलं. पुस्तकाने मला माझी आजी परत दिली. तिच्यावर मी मनातून रागावलेली होते, तो राग गेला.

आपल्या वर्गात एक तरुण आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो म्हणाला, "मॅडम, हे सगळं उकरून काय मिळणार? बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून काढलं. १९५६ साली धम्म दिला. आता पोरांना पुढे जाऊ द्या. त्यांना रडायला शिकवू नका." टाळ्या पडल्या होत्या. त्याचं म्हणणं मी हलकं समजत नाही. रडत बसणं हा धम्म नाही. आणि गुलामी आणि अस्पृश्यता एकच आहे असंही मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी या दोन्हींची तुलना करून ठेवली आहे. गुलाम विकत घेतलेला असतो, म्हणून मालक निदान आपला पैसा बुडू नये यासाठी त्याला जगवतो. अस्पृश्याला कुणी विकत घेत नाही, म्हणून तो मेला तरी कुणाचं काही बुडत नाही. आणि गुलामाला आपण गुलाम आहोत हे माहीत असतं. अस्पृश्यता आडून येते, तिच्यात माणसाला आपली गुलामी दिसतच नाही. म्हणून ती जास्त वाईट, असं त्यांचं मत होतं. ते वतनाच्या पाठीमागे लागले ते याचसाठी. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन दुरुस्तीचं बिल आणलं. वतन बरखास्त झालं ते १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. माझे आजोबा वतन जाणार म्हटल्यावर घाबरले होते, "मग भाकरी कोण देणार?" म्हणून. आपली बेडी गेली म्हणून माणूस घाबरतो! हे पोरांनी समजून घेतलं नाही तर बाबासाहेबांनी नेमकं काय मोडलं हे त्यांना कसं कळणार? त्या तरुण भावाला माझं एवढंच सांगणं आहे की, पुढे जायचं म्हणजे पाठीमागचं दार बंद करून जायचं असं नाही. बंद दाराआड काय आहे याची भीतीच मग सोबत येते.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. आपल्या वर्गाला तळोद्याकडचे एक आदिवासी गुरुजी दोनदा आले होते. त्यांनी एक प्रश्न विचारला, "तुमच्या दुःखाची पुस्तकं झाली. आमच्या सालदारांचं कोणी लिहिलं?" मला उत्तर देता आलं नाही. शहादा, तळोदा भागात सालदारी काय होती हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. आखाजीला साल ठरायचं, उचल घ्यायची, ती फिटायची नाही, पुढच्या आखाजीला पुन्हा तोच मालक. भिलांच्या जमिनी कर्जात गेल्या आणि आपल्याच जमिनीवर ते सालदार झाले. त्या विरोधात अंबरसिंग महाराज सुरतवंती उभे राहिले, १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. तिथल्या आदिवासी बायांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. वेठबिगार बंदीचा कायदा १९७६ साली आला. हे सगळं आपल्या दारात घडलं, पण आपल्या कार्यक्रमांत त्याचा उल्लेख किती वेळा होतो? आपण आपल्या दुःखाच्या घरात बसून राहिलो तर आपलंही एकशे चोवीस नंबरचं घर होईल.

आता शेवटाकडे येते. भुताने सेथला खाऊन टाकायला घेतलं. अन्न संपलं. तेव्हा धाकटी डेन्व्हर, जिने वर्षानुवर्षं अंगण सोडलं नव्हतं, ती हिंमत करून बाहेर पडते. लहानपणी जिने अक्षरं शिकवली त्या बाईच्या दाराशी जाते. मग शेजारणी गुपचूप अन्न आणून ठेवू लागतात, कधी अंडी, कधी भांडंभर शिजवलेलं, भांड्यावर आपापल्या नावाची चिठ्ठी. भांडं परत द्यायला म्हणून डेन्व्हर घरोघरी जाते आणि बोलणं सुरू होतं. शेवटी तीस बाया मिळून त्या घरापुढे येतात आणि एका आवाजात गातात. तेव्हा ते भूत जातं. ज्यांनी अठरा वर्षं तोंड फिरवलं होतं, त्याच बाया येतात. मांत्रिक नाही, पुजारी नाही. शेजार.

हे वाचताना मला किसा गोतमी आठवली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत होती. तथागतांनी तिला मोहरीचे दाणे आणायला सांगितले, ज्या घरात कुणी मेलं नसेल त्या घरातून. ती दारोदार फिरली. प्रत्येक घरी मोहरी होती, पण असं घर नव्हतं. आणि आश्चर्य पाहा, कादंबरीत सेथ एकदा म्हणते, आपण हे घर सोडून जाऊ. तेव्हा सासू तिला समजावते की, जाशील कुठे, या देशात असं घर नाही की ज्याच्या आढ्यापर्यंत कुणा मेलेल्या काळ्या माणसाचं दुःख भरलेलं नाही. मॉरिसनबाईंनी किसा गोतमीची गोष्ट वाचली होती की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण गोतमी बरी झाली ती कशाने? दाण्याने नाही. दारोदार जाऊन प्रत्येकीला "तुझ्या घरी कोण गेलं?" असं विचारल्याने. आणि प्रत्येकीने उत्तर दिल्याने.

मॉरिसनबाई १९८९ साली म्हणाल्या होत्या की, गुलाम म्हणून आलेल्यांची आठवण करायला कुठे स्मारक नाही, रस्त्याच्या कडेला एखादं साधं बाकसुद्धा नाही. त्यांच्या वाचकांनी ते मनावर घेतलं आणि २००८ पासून ठिकठिकाणी खरोखर बाकं बसवली. आपल्याकडे चैत्यभूमी आहे, दीक्षाभूमी आहे, महाडचं तळं आहे. तिथे आपण जातो, जायलाच पाहिजे. पण झोळीतल्या पोरीचं स्मारक कुठे?

म्हणून माझी समितीला आणि तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. आपण विहाराला पंखा देतो, घड्याळ देतो, सतरंजी देतो आणि त्यावर 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहितो. चांगली रीत आहे. त्याच्या जोडीला एक जाड वही ठेवू. बांधलेली, चांगल्या कागदाची. तिच्यात प्रत्येक घराने आपल्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहायचं. दहावी-बारावीच्या मुला-मुलींनी लिहून घ्यायचं. अहिराणीत सांगितलं तर अहिराणीत लिहा, सुधारू नका. तुकड्यात सांगितलं तर तुकडा लिहा. ज्यांना सांगायचं नसेल त्यांच्यावर जबरदस्ती नाही, त्यांची फक्त सोबत करा. आणि शेजारचे आदिवासी बांधव सांगायला आले तर त्यांचंही पान याच वहीत असू द्या.

वही मी आणली आहे. ती इथे टेबलावर आहे. पहिलं पान मी काल रात्री लिहिलं. फार काही नाही, पाच-सहा ओळी आहेत. कापणी, बाभूळ, झोळी. नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. माझ्या आत्याचं नाव मला माहीत नाही. मोठ्या मायच्या गावचं कुणी जुनं माणूस इथे बसलेलं असेल आणि त्यांना ठाऊक असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावं.

रविवारच्या वंदनेनंतर वही ग्रंथालयाच्या कपाटाजवळ ठेवलेली असेल. पेनही बांधून ठेवते.